कोकिळाबाईंचं नेचेघर

कोकिळाबाई सोनवणे धुळ्याच्या कॉलेजात कामाला लागल्या तेव्हा त्यांनी नेचा हे झाड कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे यजमान तिथेच वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काविळीने गेले. त्यांच्या जागेवर अनुकंपा म्हणून बाईंना घेतलं. वय पस्तीस, शिक्षण सातवी, पदरात चार वर्षांची दिपमाला. माहेर शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातलं, घरी गहू आणि कापूस. शेतातलं सगळं काम येत होतं, प्रयोगशाळेतलं काहीच नाही.

पहिल्या दिवशी विभागप्रमुख प्रेमराज देवरे सरांनी त्यांना इमारतीच्या मागे नेलं. तिथे चार लोखंडी खांबांवर हिरवी जाळी टाकलेली एक शेड होती. आत कुंड्या होत्या आणि कुंड्यांत लांब, कंगव्यासारख्या पानांची झाडं.

"हे नेचेघर," सर म्हणाले. "काचा धुणं, स्लाईड पुसणं हे तुम्हाला येईलच. पण तुमचं खरं काम हे. प्रॅक्टिकलला मुलांना याची ताजी पानं लागतात. हे जिवंत ठेवायचं."

"फूल कोणतं येतं याले?"

"फूल येत नाही. फळही नाही."

फूल नाही, फळ नाही, तर हे झाड लावायचं कशाला, हा प्रश्न बाईंनी मनातच ठेवला. ही हकिगत त्यांनीच मला नंतर सांगितली. मी ज्योती. त्याच कॉलेजात शिकले आणि आता पारोळ्याला शिकवते.

पहिल्याच वर्षी बाईंच्या हातून घोटाळा झाला. प्रॅक्टिकल चार दिवसांवर आलं होतं. कुंड्यांना पाणी घालताना त्यांनी एक पान सहज उलटं केलं, तर खालच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा. दुसरं पान पाहिलं, तिथेही तेच. गव्हावर तांबेरा पडतो तो त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. त्यांनी कात्री आणली, ठिपके असलेलं एकूण एक पान कापलं आणि रोग पसरू नये म्हणून शेडच्या मागे नेऊन जाळून टाकलं. मग मोठ्या समाधानाने सरांना जाऊन सांगितलं, "सर, झाडांवर रोग पडला होता, मी बठ्ठाच्या बठ्ठा साफ केला."

सर धावत मागे आले.

"अहो बाई, तो रोग नव्हता. ते बीजाणूंचे पुंजके. या झाडाचं बी म्हणा हवं तर. मुलांना परीक्षेत तेच तर दाखवायचं असतं!"

नोकरी जाणार असं त्या धरूनच चालल्या. त्या दुपारी डबाही उघडला नाही. सर मात्र ओरडले नाहीत. नाशिकच्या एका कॉलेजातल्या मित्राला फोन करून त्यांनी एसटीने पानं मागवली आणि परीक्षा कशीबशी पार पडली. ती झाल्यावर त्यांनी बाईंना मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि काचेवर ठिपक्यातली चिमूटभर पूड ठेवली.

"बघा."

बाईंनी एक डोळा मिटून पाहिलं. आत मोहरीसारखे शेकडो दाणे होते. "एका ठिपक्यात एवढे?" त्यांनी विचारलं. सर हो म्हणाले. त्या दिवसापासून बाईंनी पान उलटं केल्याशिवाय कधी कात्री लावली नाही.

पण झाडं जगत नव्हती. धुळ्याचा उन्हाळा म्हणजे मार्चच्या शेवटीच चाळीस अंश आणि मे महिन्यात अंगाला चटके बसतील असं वारं. नेचा मूळचा दमट, सावलीच्या मुलखातला. एप्रिलमध्ये त्याच्या पानांच्या कडा करपायच्या, मेमध्ये अर्ध्या कुंड्या वाळायच्या आणि जूनमध्ये सर नवी रोपं मागवायचे. बाई त्यांच्या परीने सगळं करत होत्या. झाड सुकलं की पाणी, अजून सुकलं की अजून पाणी. मुळं कुजून झाड आणखी लवकर मरायचं.

तीन-चार वर्षं अशी गेल्यावर एका ऑगस्टमध्ये मुलांची सहल पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरात गेली. नमुने दाबायचे पुठ्ठे आणि डबे सांभाळायला बाई बरोबर होत्या. मुलं पुढे गेली आणि बाई एका ओहोळाजवळ थांबल्या. काठच्या खडकाच्या कपारीत नेचे वाढले होते. कोणी लावलेले नाहीत, कोणी पाणी घालत नाही, आणि पानं हातभर लांब. बाईंनी चप्पल काढली, खाली उतरल्या आणि मुळाशी हात घातला. माती नव्हतीच जवळजवळ. कुजलेला पाला, खडे आणि काटक्या. हाताला गार लागलं, पण चिखल लागला नाही. वर झाडांची दाट सावली होती, तरी उजेड भरपूर होता. हवा अशी ओली की पातळ अंगाला चिकटत होतं.

"तेव्हा मले समजलं," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी त्याच्या पायात पाणी ओतत होते. त्याला पाणी पाहिजे होतं हवेत."

परत आल्यावर त्यांनी सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या. काळी माती काढून टाकली. तळाला विटांचे तुकडे, वर पालापाचोळ्याचं खत, नारळाचा काथ्या आणि थोडी वाळू असं मिश्रण भरलं. कुंड्या सुट्या न ठेवता दाटीने लावल्या, म्हणजे एकमेकांचा ओलावा एकमेकांना मिळतो. खाली जमिनीवर वाळू पसरून ती ओली ठेवायची आणि कुंडीत बोट घालून पाहिल्याशिवाय पाणी घालायचं नाही, असा नियम केला. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक कुंड्या वाचल्या, पण पानांच्या कडा तरीही तपकिरी व्हायच्या.

त्याचं कारण रहीमभाऊंनी सांगितलं. रहीमभाऊ कॉलेजसमोरच्या गल्लीत कूलर बनवायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडी कॉलेजातले सगळे कूलर दुरुस्त करायला यायचे. त्यांनी ग्रंथालयातल्या कूलरची गवताची जाळी काढून बाईंना दाखवली. गवतावर पांढरा थर जमून ते दगडासारखं झालं होतं.

"अक्का, हे आपल्या बोअरचं पाणी. गवताचं हे करतं, तर तुमच्या झाडाचं काय करेल?"

"मग पाणी आणू कुठून?"

रहीमभाऊंनी वर बोट दाखवलं. प्राचार्यांच्या खोलीच्या एसीची नळी भिंतीवरून ठिबकत होती. "ते बघा. ते हवेतलं पाणी. त्यात क्षार नाही."

बाईंनी त्या नळीखाली बादली ठेवली. दिवसाला दोन बादल्या मिळायच्या, त्यात पावसाचं साठवलेलं पाणी मिसळून त्या वापरायच्या. प्राचार्य सुट्टीवर गेले की शिपायाला सांगून तासभर एसी लावून घ्यायच्या, असं मुलं म्हणायची. खरंखोटं मला माहीत नाही. पानांच्या कडा मात्र हिरव्या राहू लागल्या. दहा-बारा वर्षांत वीस कुंड्यांच्या बावन्न झाल्या.

मी शेवटच्या वर्षाला होते ते २०१८ साल. त्या वर्षी काही ना काही कारणाने परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या आणि आमचं प्रॅक्टिकल मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. बाईंना मे महिन्यात पानं कधी द्यावी लागली नव्हती. एरवी मार्चपर्यंत पानं दिली की काम संपायचं. त्यातच एप्रिलमध्ये कॉलेजची बोअर आटली. चार दिवसांआड एक टँकर यायचा, तो आधी वसतिगृहाला.

महिन्याच्या शेवटी एका दुपारी वादळ आलं. पाऊस चार थेंब, वाराच भयंकर. नेचेघराची जाळी मधोमध फाटली, दोन खांब वाकले आणि शेजारच्या सायकल स्टँडचा पत्रा उडून कुंड्यांवर पडला, कुंडी मात्र एकही फुटली नाही. दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ. सकाळी नऊ वाजताच नेच्यांवर सरळ ऊन होतं. नवी जाळी मागवायची तर मंजुरीला आठ-दहा दिवस लागणार होते.

बाईंनी दिपमालाला बोलावून घेतलं. ती तेव्हा बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत घरीच होती. दोघींनी मिळून कुंड्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात ओढल्या. पण व्हरांडा पश्चिमेला, आणि दुपारनंतर तिथून वारं असं यायचं की ओलं फडकं पंधरा मिनिटांत वाळायचं. दोन दिवसांत पानं मान टाकू लागली. तिसऱ्या दिवशी बाई गल्लीत गेल्या.

"रहीमभाऊ, एखादा जुना कूलर शे का तुमनाकडे?"

"शे ना, अक्का. पण मोटर जळेल शे, फिरत नाही."

"मोटर काय करू मी? माले त्यान्या जाळ्या पाहिजेत."

रहीमभाऊंनी गवत भरलेल्या तीन जाळ्या दिल्या आणि स्वतः येऊन स्टोअर रूमच्या खिडकीत ठोकून दिल्या. स्टोअर रूम लहान, तिची एक खिडकी व्हरांड्यात आणि दुसरी उत्तरेला. जाळ्यांवर पाणी मारलं की व्हरांड्यातलं गरम वारं ओलं होऊन आत यायचं, आणि उत्तरेकडून उजेड मिळायचा. विजेची गरज नाही. नेच्याला हवी तशी खोली झाली, पण त्यात दाटीने ठेवल्या तरी बाराच कुंड्या मावत होत्या.

उरल्या चाळीस. बाईंनी हिशेब घातला तो पाण्याचा. चाळीस कुंड्यांची पानं जगवायला जेवढं पाणी लागेल तेवढं नव्हतं. पण पानंच नसतील तर मुळाला थोडं पाणी पुरतं. त्यांनी बावन्न कुंड्यांतलं एकेक पान उलटं करून पाहिलं. ठिपके पूर्ण पिकलेल्या बारा कुंड्या आत नेल्या. मग कात्री घेतली आणि बाकीच्या चाळीस कुंड्यांची सगळी पानं मुळापासून दोन बोटं ठेवून कापून टाकली. प्रयोगशाळेच्या उत्तरेच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली, गडी लावून चर खणून घेतला. कुंड्या गळ्यापर्यंत वाळूत पुरल्या, काठ्या रोवून वर ओलं गोणपाट टाकलं.

देवरे सर दुसऱ्या दिवशी आले. कापलेल्या पानांचा ढीग कंबरेएवढा होता.

"कोकिळाबाई!" त्यांचा आवाज आम्ही वाचनालयात बसलो होतो तिथपर्यंत आला. "काय केलंत हे? वीस दिवसांवर परीक्षा आहे. पुन्हा कापलंत?"

"सर, आत बारा ठेवल्यात. परीक्षेला पुरतील."

"छप्पन्न मुलं आहेत! एखादी कुंडी दगावली तर? मला विचारायचं तरी."

"तुम्ही धरणगावला लग्नाले होते, सर. फोन लागत नव्हता. एक दिवस थांबले असते तर बावन्नच्या बावन्न गेल्या असत्या."

"या चाळीस तर तुम्हीच मारल्यात."

बाई शांतपणे बोलत होत्या, पण आता त्यांची गावची बोली बाहेर आली. "मूळ जित्तं शे, सर. पानं येतीन."

सर निघून गेले आणि त्यानंतर त्यांनी बाईंशी बोलणं बंद केलं. काही लागलं तर चिठ्ठी पाठवायचे. धोका नको म्हणून एका रविवारी ते जळगावला जाऊन रोपवाटिका फिरले. एका ठिकाणी दोन चांगल्या कुंड्या मिळाल्या, त्या मांडीवर ठेवून एसटीने घेऊन आले. पण त्या शोभेच्या जातीच्या होत्या. पानं उलटी केली तर एकही ठिपका नाही. स्टाफरूमच्या पंख्याखाली त्या आठवड्याभरात वाळल्या.

बाई त्या वीस दिवसांत सकाळी सातला यायच्या आणि संध्याकाळी सातला जायच्या. तासातासाला खिडकीतल्या जाळीवर पाणी मारायचं, बारा कुंड्या रोज थोड्या फिरवायच्या, चरातल्या गोणपाटावर पाणी शिंपडायचं. अंगावर पुरळ उठलं. दिपमाला म्हणाली, "माय, सर तुझ्याशी बोलतसुद्धा नाहीत. कोणासाठी मरतेस?" बाईंनी उत्तर दिलं ते असं, "सर बोलो न बोलो. झाड माझ्या ताब्यात आहे."

प्रॅक्टिकलच्या दिवशी आम्हाला अख्खं पान मिळालं नाही. बाईंनी स्टीलच्या डब्यांत ओलं फडकं घालून त्यावर पानांचे तुकडे मांडले होते. प्रत्येकाला दोन-तीन पिसं, म्हणजे पानाच्या कंगव्याचे दाते, आणि दांड्याचा एक बोटभर तुकडा. पण हिरवंगार, ताजं. ब्लेडने दांडा कापला तर पाणी सुटलं. खालच्या बाजूला घेवड्याच्या दाण्यासारखे वाकडे पुंजके अगदी नीट दिसत होते. तीन गटांत छप्पन्न मुलांची परीक्षा झाली आणि डब्यांत नऊ तुकडे उरले.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "मे महिन्यात धुळ्यात हे कुठून आणलंत?"

सरांनी शिपायाला पाठवलं, कोकिळाबाईंना बोलवा म्हणून. शिपाई एकटाच परत आला.

"त्या म्हणतात आत्ता नाही येत, जाळी सुकेल."

परीक्षक बाई हसल्या आणि स्वतःच उठून स्टोअर रूमकडे गेल्या. सर त्यांच्या मागे गेले. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. निकालानंतर सगळे आपापल्या गुणांबद्दल बोलत होते, पण माझ्या डोक्यात ते तुकडे राहिले.

पुढचं मला बाईंनी आणि नंतर सरांनीही सांगितलं. जूनच्या मध्यावर पाऊस लागला. गोणपाट काढलं. पहिले दहा दिवस चरात नुसती खुंटं. मग एका कुंडीत बारीक, विंचवाच्या नांगीसारखी गुंडाळलेली हिरवी टोकं वर आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाळीसपैकी तेहतीस फुटल्या. सात मेल्या.

त्या सातांत एक वेगळा नेचा होता. रुंद पानांचा, मध्ये पक्ष्याच्या घरट्यासारखी खोलगट जागा असलेला. सरांनी तो केरळमधून एका चर्चासत्राहून येताना आणला होता, आणि विभागात तसा एकच होता. बाईंनी तोही बाकीच्यांसारखा कापला होता आणि त्याच्या मधल्या खळग्यात गोणपाटाचं पाणी साचून तो कुजला होता. बाई स्वतः ती कुंडी घेऊन सरांच्या टेबलापाशी गेल्या.

"हा माझ्यामुळे गेला, सर. याचा कोंब मधोमध एकच असतो. बाकीचे खालून फुटतात तसा हा फुटत नाही, आणि मधात पाणी चालत नाही. मले माहीत नव्हतं."

सरांनी कुंडी हातात घेतली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "चरात पुरलेला मी पाहिलाही होता. तुमच्याशी बोलत असतो तर सांगितलं असतं."

नंतर सरांनी खुर्ची ओढून बाईंना बसायला सांगितलं आणि चहा मागवला. बाईंच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत सरांच्या टेबलापाशी बसून घेतलेला तो पहिला चहा. त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. त्याच वर्षी नव्या जाळीच्या अर्जावर सरांनी "कोकिळाबाई सांगतील त्या मापाची" असं लिहिलं आणि जाळी दुहेरी आली.

बाई २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. दिपमालाला बँकेत नोकरी लागली आहे, तिच्याबरोबर त्या धुळ्यातच देवपुरात राहतात. घराला अंगण लहान आहे. पावसाळा आणि हिवाळा झाडं बाहेर, पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत. होळीच्या सुमाराला आत. मोरीशेजारच्या खोलीत, जिथे उत्तरेची खिडकी आहे आणि हवा ओली राहते. कुंडीखाली खड्यांची परात, तिच्यात पाणी, पण कुंडीचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. पंख्याचं वारं लागू द्यायचं नाही. पावसाळ्यात एकदा, पातळ केलेलं शेणखताचं पाणी. बस.

मागच्या वर्षी आमच्या पारोळ्याच्या कॉलेजात नेचेघर करायचं ठरलं. प्राचार्यांनी दर्शनी भागात, फाटकाजवळ जागा आखून ठेवली होती. मी बाईंना फोन केला. त्या एसटीने आल्या, पिशवीत दोन साड्या आणि एक कात्री. प्राचार्यांनी मोठ्या हौसेने जागा दाखवली. बाईंनी तिथे उभं राहून आकाशाकडे पाहिलं, भिंतीला हात लावला.

"जागा छान शे, साहेब," त्या म्हणाल्या. "पण ही तुमच्यासाठी छान. त्याच्यासाठी नाही. दुपारी दोनला इथे उभे राहून दाखवा."

प्राचार्य हसले, पण त्यांनी ऐकलं. बाई दोन दिवस आवारात फिरल्या आणि शेवटी मुलींच्या खोलीमागची, पाण्याच्या टाकीखालची जागा निवडली. तिथे कोणी जात नव्हतं. टाकी पाझरत होती आणि भिंतीवर शेवाळ होतं. आमच्या परिचर लताबाईंना त्यांनी बोट घालून ओल बघायला शिकवलं. जाताना स्वतःच्या घरच्या चार कुंड्या पाठवते म्हणाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात दिपमालाच्या ओळखीच्या गाडीतून पाठवल्याही.

आज आमच्याकडे एकोणीस कुंड्या आहेत. मे महिन्यात दोन गेल्या, त्या लताबाईंनी जास्त पाणी घातल्यामुळे. बाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे. माझ्या पहिल्या वर्षी अर्ध्या गेल्या होत्या." या मार्चच्या प्रॅक्टिकलला आम्हाला बाहेरून एकही पान आणावं लागलं नाही.